काचेतले खराडे मास्तर

१९९५ सालच्या मार्गशीर्षात श्रीकांत खराडे याने आपल्या वडिलांचा एकुलता एक फोटो चौकटीतून सोडवला आणि बेंगळूरात दासरहळ्ळीच्या एका स्टुडिओत प्रत काढायला दिला. रिकामी काच त्याने चौकटीसकट अंधाऱ्या कोनाड्यात उभी करून ठेवली. त्या काचेत त्याचे वडील दिसत राहिले. वडील वारले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते, आणि फोटोतही काळेच होते. काचेतले केस पांढरे होते.

मला बोलावणे आले ते रविवारी सकाळी, मल्लाप्पाकडून. मल्लाप्पा मूळचा चिकोडीकडचा, श्रीकांत राहतो त्या वठाराचा, म्हणजे चाळीचा, मालक. पीण्या औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात लेथच्या कारखान्यांमागे त्याने एका ओळीत खोल्या बांधल्या होत्या. सगळ्यांत मिळून नळ एक. आठवडाभर त्या गल्लीत लोखंड कातरल्याच्या आवाजात माणसाला माणसाचे ऐकू येत नसे. रविवारी यंत्रे बंद, म्हणून भांडण मला गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आले.

"इहीनबाई, मी पोरीला न्यायला आलोय, भुताला न्हाई!" हा आवाज गोजराबाईचा. श्रीकांतची सासू. तवंदवाडीहून, म्हणजे आमच्या निपाणीकडच्या गावाहून, लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला ती आदल्या दिवशी आली होती. "आदी ती काच पान्यात सोडा. मग बाकीचं बोला."

"आनि सोडली न्हाई तर?" दुसऱ्या बाईने विचारले.

"तर लेक माझ्यासंगं जाईल ती परत ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची न्हाई. पोटुशी बाई हाय. सासरा काचेतनं बघतुया म्हनून घास उतरत न्हाई तिला."

"बघंनात का! जितेपनी कुनाकडं वाकड्या डोळ्यानं बघिटलं न्हाई त्यांनी. आता काय नव्यानं शिकले असतील व्हय?" हे अनुसूयाबाईंचे उत्तर. श्रीकांतची आई, खराडे मास्तरांची विधवा. गाव त्यांना अजून मास्तरीणबाईच म्हणतो.

श्रीकांत दोघींच्या मध्ये उभा होता. "आई, जरा हळू. मल्लाप्पाण्णा ऐकालेत."

"मी एकटा कुठला?" मल्लाप्पा दारातून म्हणाला. "पीण्या सगळं ऐकतंय. नंदू अण्णा, बरं झालं आलात. माझं म्हणणं स्वल्पच आहे. शेजारच्या खोलीतला तमिळ मेस्त्री म्हणतोय, हितं देव्व आहे, भूत आहे, मी खोली सोडतो. देव्व असलं तर त्याला घालवा. नसलं तर नाही म्हणून सांगा. कायतरी एक करा. सरी?"

मी खराडे मास्तरांच्या शाळेत शिकलो. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पीण्यातच, पितळेवर चांदीचा मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो. बी.एस्सी. झालेल्या माणसाला विजेच्या दिव्यापासून भुतापर्यंत सगळे दुरुस्त करता येते, अशी तवंदवाडीची समजूत आहे.

कावेरी, श्रीकांतची बायको, चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारले, काच पुसून पाहिली का.

"पुसली की," ती मान वर न करता म्हणाली. "साबनानं पुसली, राखेनं घासली. वली हाय तवर मामंजी न्हाईत. वाळली की परत हजर."

मी काच हातात घेतली. ओले फडके फिरवले. काच स्वच्छ झाली. जेवत्या माणसाला पदराने वारा घालावा तसा अनुसूयाबाईंनी तिला वारा घातला. ओल कडेने मागे सरकत गेली आणि तिच्या मागोमाग आधी खांदा, मग गळाबंद कोटाची पट्टी, मग हनुवटी, आणि शेवटी डोळे आले. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. काटा येणे हा त्वचेखालच्या स्नायूंचा धर्म आहे. त्याला पुरावा मानत नाहीत. पण तो आला होता, हे नोंदवणे मला भाग आहे.

काचेमागे काळी पत्र्याची ट्रंक होती. त्या काळ्यावर मास्तर म्हातारे दिसत होते. आज ते हयात असते तर त्यांचे केस जितके पांढरे झाले असते, तितकेच पांढरे.

"बघ नंदू," अनुसूयाबाई हळूच म्हणाल्या, "तिकडं ऱ्हाऊन केस पिकले त्यांचे. मी हितं म्हातारी झालो, ते तितं."

"आयकलंस?" गोजराबाईने मलाच पकडले. "अगं बाई, सुटल्याला मानूस म्हातारा हुतो व्हय? सुटला त्यो सुटला, हाय त्या वयाचा. जो अडकलाय त्योच म्हातारा हुतोय. मास्तराचं कायतरी ऱ्हायलंय मागं. पान्यात सोडा, सुटू दे त्यास्नी."

दोघींचा तर्क आपापल्या जागी निर्दोष होता. दोघींचे निरीक्षणही एकच होते. फक्त एकीला तो संसार वाटत होता आणि दुसरीला फास.

मी विचारले, "श्रीकांत, मूळ फोटो कुठे आहे? तोच परत बसवा. मग काचेकडे कोण पाहतो?"

श्रीकांतने ट्रंकेवरचे पाकीट पुढे केले. "स्टुडिओवाल्यानं कालच परत दिला. म्हणाला, ह्यातनं प्रत निघत नाही. आधीच उडालाय."

फोटो हळदीच्या पाण्यासारखा पिवळा पडला होता. कोटाची गुंडी, कानाची एक कड, खुर्चीची पाठ, एवढे ओळखू येत होते. चेहरा नव्हता. मास्तरांनी गावातल्या झाडून सगळ्यांचे फोटो काढले. त्यांचा स्वतःचा हा एकच. निगेटिव्ह वाळवीने खाल्ल्याला वर्षे लोटली होती. श्रीकांत सहा वर्षांचा असताना मास्तर काविळीने गेले. त्याला फोटोशिवाय बापाचा चेहरा आठवत नव्हता. म्हणजे त्या घरात मास्तरांचा चेहरा आता काचेवर होता तेवढाच.

दाराआड एक वळकटी बांधून ठेवलेली मला दिसली. अनुसूयाबाईंनी माझी नजर ओळखली.

"माझी हाय. काच पान्यात गेली तर मी तवंदवाडीला जातो. आनि काच हितं ऱ्हायली तर सून ऱ्हात न्हाई म्हनती. मग कसं करायचं? तिच्या पोटात माझं नातवंड हाय. मीच काच घिऊन जातो. धा पत्रं उडालीत घराची, चार हाईत अजून. दोघांना पुरं."

"कोण दोघं?" श्रीकांत चिडून म्हणाला.

अनुसूयाबाईंनी काचेची कड पदराने पुसली. काच त्यांच्या मांडीवर होती.

पुढच्या रविवारपर्यंत काच कुणी हलवायची नाही आणि गाडीचे तिकीट कुणी काढायचे नाही, एवढे वचन मी सगळ्यांकडून घेतले. गोजराबाईने ते दिले, पण मी निघताना बजावले, "नंद्या, तू लई शिकलास म्हनून गप बसतो. पर बुकात नसल्यालं बी असतंय जगात."

ह्या वाक्यावर खराडे मास्तर खूश झाले असते. त्यांनी ते फळ्यावर लिहून खाली विचारले असते: कुठे?

ज्योतिबा खराडे आमच्या गावात मास्तर म्हणून आले तेव्हा त्यांच्यासोबत एक बायको आणि एक भात्याचा कॅमेरा होता. गावाने आधी कॅमेरा पाहिला. कोल्हापूरच्या कुणा म्हाताऱ्या फोटोग्राफरने धंदा मोडताना तो त्यांना दिला होता. शाळेमागची धान्याची कोठी त्यांनी झरोके बुजवून अंधारी केली. त्या कोठीचे दार बंद असताना वाजवायचे नाही, हा गावाचा नियमच झाला. देवळाच्या गाभाऱ्यालाही तेवढा मान नव्हता.

शिकवण्याची त्यांची रीत म्हणजे चौकशी. एकदा विहिरीवरच्या बायकांचा फोटो त्यांनी काढला आणि त्यात पारूबाईला मुंडके नव्हते. गाव हादरला. पारूबाईने अंथरूण धरले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी आख्ख्या शाळेसमोर तिला खुर्चीवर बसवले आणि कॅमेऱ्याचा डोळा उघडा असताना तिला मान जोरजोराने हलवायला सांगितली. त्याही फोटोत मुंडके नाही. मग स्थिर बसवून काढला. मुंडके आले, वर बुगड्याही आल्या. "दिसलं ते खोटं म्हनू नगा," मास्तर आम्हाला म्हणाले. "दिसलं ते दिसलंच. कशानं दिसलं ते इचारा." पारूबाई उठून कामाला लागली. गावात मात्र पुढे कितीतरी दिवस, ज्याचे लक्ष ठिकाणावर नाही त्याला 'पारूबाईचा फोटो' म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळात गाव रिकामा होऊ लागला. ज्वारी हातभर वाढून करपली. काळी जमीन अशी उलली की भेगेत काठी सोडली तर तळ लागत नसे. गडी मुंबईला, बेळगावला, बेंगळूरला जगायला निघाले. तेव्हा मास्तरांनी ठरवले, की जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचा आणि तो त्याच्या घरी ठेवायचा. लोक हसले. "मास्तर, जितंपनीच भिंतीवर टांगताय व्हय?" असे म्हणत ते कोठीसमोरच्या बाकावर बसले. मास्तर म्हणाले, "हार घालू नगा म्हंजी झालं. परत आला तर ताडून बघा, त्योच हाय का."

काही परत आले. गोजराबाईचा नवरा, हिंदुराव, आला नाही. मुंबईला गोदीत भिंत अंगावर पडून तो गेला. कावेरी तेव्हा रांगतही नव्हती.

एवढे सगळे मला आठवत होते आणि त्याचा काचेशी संबंध लागत नव्हता. काचेवर काय आहे हे मला त्याच रविवारी भिंगाखाली दिसले होते: आतल्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म धूसरपणा, जणू काच कुणी केसाहून बारीक खरवडली आहे. जिथे फोटो गडद, तिथे धूसर जास्त. असा धूसरपणा अंधारासमोर पांढरा दिसतो, म्हणून ट्रंकेसमोर केस पांढरे. पाण्याने खरवड भरून निघते, म्हणून ओली काच स्वच्छ. हे सरळ होते. पण अशा चौकटी तवंदवाडीत घरोघरी होत्या. निपाणीच्या एकाच चौकटवाल्याने सगळे फोटो तसेच, मध्ये कागदी पट्टी न घालता, काचेला चिकटवून बसवले होते. मग बाकीच्या काचांवर काही का नाही?

रविवारी मी कारखान्यातून एक काळी बाटली घेऊन गेलो. तिच्यात चांदीच्या क्षाराचे पाणी होते. घरात सगळे होते. मल्लाप्पा आपली खुर्ची घेऊन आला होता.

"गोजरामावशी," मी म्हणालो, "हिंदुरावमामांचा फोटो तुमच्याजवळ असतो, ठाऊक आहे मला. तो हवा."

तिचा हात एकदम पिशवीवर गेला. "कशाला?"

"पाठीवर एक थेंब टाकायचाय."

"माझ्या धन्याला तेजाब लावतूस व्हय रं, मुडद्या!"

"चेहऱ्याला नाही. पाठीमागं, कडेला."

"पाठ बी त्याचीच हाय की!"

कावेरी उठली. तिने आईच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. हिंदुराव काल काढल्यासारखा होता. मिशीचा केस न् केस, पटक्याची घडी, बाकाच्या लाकडाची शीर. "मी माज्या बापाला ह्यातच बघिटलंय," कावेरी म्हणाली. "जपून."

दोन्ही फोटो मी पालथे घातले. एकाच आठवड्यातले, एकाच कागदावरचे. दोन्हींच्या कडेला एकेक थेंब ठेवला. सगळे ओणवून पाहू लागले. हिंदुरावच्या कागदावर थेंब जवळपास होता तसाच राहिला. मास्तरांच्या कागदावर तो बघता बघता पिवळा झाला, मग तपकिरी, मग काढ्यासारखा दाट.

"ह्याचा अर्थ काय?" श्रीकांतने विचारले.

"फोटो पक्का करायला हायपो नावाचं मीठ वापरतात. काम झालं की ते पाण्यानं पार धुऊन काढावं लागतं. राहिलं तर तेच मीठ पुढं फोटो खातं. हिंदुरावमामांचा फोटो धुतलाय, अगदी निगुतीनं. मास्तरांचा धुतलेला नाही."

"त्यांनी? धुतला न्हाई?" अनुसूयाबाई दुखावल्यासारख्या झाल्या. "अरे, ते फोटोला सात पानी घालायचे. मी भांडायचो त्यावरनं. हिर आटल्याली, ओढ्यातल्या झऱ्यावर रातदिस पाळी धरायची, वाटीवाटीनं घागर भरायची, आनि हे कागदं धुवायलेत!"

"म्हणूनच विचारतो, मास्तरीणबाई. तुमच्या घरचा फोटो कधी काढला त्यांनी? त्या दिवशी काय झालं?"

त्या काचेकडे वळल्या. मग बोलू लागल्या, आधी जड, नंतर ओघाने.

"हिंदुराव न् ती मानसं मुंबईला गेली त्याच्या दुसऱ्या दिशी. त्यांचंच फोटो धुवायचं चाललं हुतं. मी म्हनलं, अवो, गावाची तोंडं घराघरात टांगलीसा, आपल्या घरात तुमचं एक न्हाई. तर हसले. कॅमेऱ्याला दोरी बांधली, खुर्चीवर बसले, आपली आपनच वडली. मग कोठीत गेले. सगळ्यांचे धुतले आनि आपला सगळ्यात मागनं घेटला. घागर एकच उरली हुती."

"मग?"

"मग मी दार वाजिवलं."

मल्लाप्पाला ह्यात काही विशेष वाटले नाही. मला वाटले. त्या कोठीचे दार वाजवलेले गावात कुणी ऐकले नव्हते.

"म्हनलं, घागर द्या. आतनं म्हनले, फोटो धुवायचा ऱ्हायलाय. मी म्हनलं, कुनाचा? म्हनले, आपलाच. म्हनलं, मग ऱ्हाऊ द्या. मीच म्हनलं तसं. दार उगडलं, घागर भाईर आली. त्यांनी एका शब्दानं इचारलं न्हाई, कशाला पायजे."

"कशाला पाहिजे होती?"

अनुसूयाबाईंनी मान वळवली. त्या गोजराबाईकडे बघत होत्या. तिचा चेहरा उतरत चालला होता.

"मी तापात हुतो," गोजराबाई कुणी न विचारताच म्हणाली. "दादला कालच मुंबईला गेलेला. घरात मडकं पालथं. सुईन म्हनाली, पान्याबिगर मी पोराला हात लावत न्हाई. मग कुनीतरी आलं... परातीत न्हाऊ घाटलं पोरीला, एवढं आठवतंय. पानी कुनाचं, मी कुठं इचारलं? अक्का, तू हुतीस व्हय ती?"

"मग कोन? शेजार कुनाचा हुता तुला?"

"सांगायचंस की गं!"

"पान्याचं काय सांगायचं असतंय?"

मल्लाप्पा पुटपुटला, "म्हणजे देव्व नाही." त्याला कुणी दुजोरा दिला नाही, आणि नाहीही म्हणाले नाही.

कावेरी जड अंगाने उठली. फोटो होता तोवर चौकट न्हाणीच्या ओलसर भिंतीवर असायची. ती तिने समोरच्या कोरड्या, चुन्याच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली. पांढऱ्या भिंतीसमोर धूसर भाग गडद दिसू लागला, आणि मास्तरांचे केस काळे झाले. हे मी सांगणार होतो. सांगावे लागले नाही. अनुसूयाबाई एवढेच म्हणाल्या, "असं नगं. पुन्हा तरनं कशाला? ट्रंकेवर ठेव." कावेरीने काच उतरवली आणि ट्रंकेवर ठेवली. वळकटी श्रीकांतने सोडली.

काचेवरच्या आकृतीचे कारण असे आहे. बहात्तरच्या दुष्काळात ज्योतिबा खराडे यांच्या फोटोतील हायपो धुतला गेला नाही. ओलसर भिंतीवर वर्षानुवर्षे राहून त्या उरलेल्या अंशाने फोटो खाल्ला आणि त्याला चिकटलेली काच त्याच आकारात खरवडली. फोटो धुण्यासाठी राखलेली घागर गोजराबाईच्या घरी गेली होती, आणि त्या पाण्याने कावेरीला पहिली आंघोळ घातली गेली होती.